पाणी कोणी आणले? : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : युद्धपटांना आपल्या खात्याकडून मिळणारी ना-हरकत आणि तिच्यात हरवलेला पायदळाचा शिपाई

महोदय,

सातारा जिल्ह्यातला एक साधा नागरिक या नात्याने हे पत्र लिहीत आहे. आमच्या जिल्ह्याची ओळख आपल्याला करून द्यायला नको. इथल्या एका गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी आहे. पिढ्यान् पिढ्या पलटणीत पोरे पाठवणारी गावे इथे एकाला लागून एक आहेत. युद्धावरचा चित्रपट लागला की आमच्याकडचे लोक जीप भरून तालुक्याला जातात, टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात आणि परत येतात. चित्रपट आवडत नाहीत असे नाही. पण घरी आल्यावर, पलटणीत आयुष्य काढलेला माणूस जे दोन-चार प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे कोणाकडेच नसतात. म्हणून ते प्रश्न आपल्याकडे पाठवतो आहे.

ही तक्रार निर्मात्यांकडे करा, असे आपल्या कार्यालयातून कोणीतरी म्हणेल. निर्मात्याला गल्ल्याची काळजी असते, त्यात गैर काही नाही. पण लष्कराची छावणी, चौकी, रणगाडे, ट्रक आणि मागे धावायला खरे जवान, यांतले काहीही आपल्या परवानगीशिवाय कॅमेऱ्यासमोर येत नाही. त्यात जुलै २०२० मध्ये आपल्या मंत्रालयाने केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला पत्र लिहिले. लष्करी विषयावरचा चित्रपट, माहितीपट किंवा वेब मालिका दाखवण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, असे त्यात कळवले होते. सैन्याची आणि गणवेशाची प्रतिमा मलिन होते अशा तक्रारी आल्या, हे कारण सांगितले गेले. म्हणजे पडद्यावरच्या शिपायाची जबाबदारी आपण स्वतःहून अंगावर घेतली. मग हिशेबही आपल्याकडेच मागायचा.

सुरुवात १९९७ च्या 'बॉर्डर'पासून करतो, कारण तो आपल्या देशात सगळ्यांत जास्त वेळा पाहिला गेलेला युद्धपट असावा. त्याला लष्कर आणि हवाई दल या दोघांचीही मदत होती. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या चौकीवर लढले. १९७२ मध्ये त्यांना सेना पदक मिळाले. चित्रपटात त्यांची भूमिका सुनील शेट्टी यांनी केली आणि शेवटी भैरोसिंग धारातीर्थी पडले. खरे भैरोसिंग मात्र राजस्थानात आपल्या गावी हयात होते. डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. चित्रपट लागल्यापासून पंचवीस वर्षे हा माणूस दर पंधरा ऑगस्टला आणि दर सव्वीस जानेवारीला टीव्हीवर स्वतःचे मरण पाहत होता. चित्रपटात आपल्याला मेलेले दाखवले याची खंत त्यांनी बोलूनही दाखवली होती. पदक देताना ज्या सरकारकडे त्यांचा पत्ता होता, त्या सरकारला परवानगी देताना तो सापडला नाही काय?

त्याच लोंगेवालाची दुसरी गोष्ट. २३ पंजाबची एक कंपनी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि सव्वाशेच्या आत-बाहेर जवान. समोर रणगाड्यांचा ताफा. जैसलमेरच्या तळावर हंटर विमाने होती, पण त्यांना रात्री हल्ला करता येत नव्हता. उजाडेपर्यंत चौकी सोडायची नाही, एवढेच काम. कंपनीने ते केले. आणि त्या रात्रीत आपले दोन जवान कामी आले. दोन! पडद्यावर मात्र एकामागून एक माणसे कोसळतात, प्रत्येक जण मरण्यापूर्वी दोन शब्द बोलतो आणि शेवटी प्रेतांची रांग लागते. अंधारात रणगाड्यांची घरघर ऐकत, खंदकात बसून सूर्य उगवण्याची वाट पाहणाऱ्या सव्वाशे माणसांनी जवळजवळ सगळ्यांना जिवंत ठेवून चौकी राखली, ही गोष्ट शौर्य म्हणून कमी पडली का? शिपाई मेल्याशिवाय तो मोठा होत नाही, असे आपल्या खात्याचेही मत आहे का?

मागे एकदा शेजारच्या आबांना घेऊन असाच एक चित्रपट पाहायला गेलो होतो. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झाले. पडद्यावर डोंगरमाथ्यावरची लढाई चालू होती, तीन दिवस झाल्याचे पात्रांच्या तोंडून कळत होते. आबा वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "पाणी कोणी आणलं रं?" थोड्या वेळाने म्हणाले, "आन् एवढ्या गोळ्या?" मग गप्पच बसले. बाहेर चहा पिताना त्यांनी सांगितले की वर चढणाऱ्या प्रत्येक माणसामागे खालून पाणी, रेशन आणि दारूगोळा पाठीवर वाहून नेणारी माणसे असतात. उंचावर स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचे तर घोटभर पाण्याला घटकाभर लागते. आणि ओला मोजा वेळेवर बदलला नाही तर गोळी न लागताही पाय जातो. यातले काहीच त्या चित्रपटात नव्हते. त्यात भाषणे होती.

हे सगळे पडद्यावर दाखवता येत नाही, ते कंटाळवाणे होते, असा एक समज आहे. तो खोटा आहे आणि खोटा असल्याचे सिद्ध होऊन पाऊणशे वर्षे झाली. १९४९ साली अमेरिकेत विल्यम वेलमन या दिग्दर्शकाने 'बॅटलग्राउंड' काढला. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधल्या बास्तोन गावाभोवती जर्मनांनी वेढा घातलेल्या एका तुकडीची ती गोष्ट. त्यात एक शिपाई कुठून तरी कोंबडीची अंडी मिळवतो, स्वतःच्या हेल्मेटमध्ये फोडतो, ढवळायला लागतो आणि हलण्याचा हुकूम येतो. तो ते हेल्मेट तसेच सांभाळत चालतो. पुन्हा संधी मिळते, पुन्हा हुकूम येतो. प्रेक्षक हसतात. पण त्या हेल्मेटमधल्या अंड्यांमुळे भूक, थंडी, वरून येणारे न कळणारे आदेश आणि पुढच्या तासाचा भरवसा नसणे, हे सगळे एकाही संवादाशिवाय पोचते. त्याच तुकडीत लॉस एंजेलिसहून आलेला एक पोरगा आहे. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बर्फ पाहिलेला असतो आणि तो लहान मुलासारखा नाचतो. पुढे जखमी झाल्यावर त्याला एका बंद पडलेल्या जीपखाली लपवून ठेवावे लागते. सोबती परत येईपर्यंत तो त्याच बर्फात गोठून मेलेला असतो. मरताना तो देशाला उद्देशून काही बोलत नाही. बोलायला जवळ कोणी नसतेच.

हे कुठून आले? पटकथा लिहिणारा रॉबर्ट पिरॉश स्वतः त्या हिवाळ्यात, त्याच आघाडीवर पायदळात होता. वेढ्यातून वाचलेल्या डिव्हिजनचे वीस जवान चित्रपटात स्वतःच उभे राहिले. एका स्टुडिओच्या मालकाला, म्हणजे हॉवर्ड ह्यूजला, लोक युद्धाला विटले आहेत असे वाटले आणि त्याने तो करायला नकार दिला. दुसऱ्या स्टुडिओने केला. पिरॉशला ऑस्कर मिळाले. धंदाही झाला. शिपायाच्या तोंडून आलेली हकिकत आणि ती तशीच ठेवण्याचे धाडस, एवढेच भांडवल त्यांच्याकडे होते. बर्फ आणि धुके तर बहुतेक स्टुडिओतच उभे केले होते.

आपल्याकडे खर्चाचे कारण सांगितले जाते, म्हणून अमेरिकी दिग्दर्शक सॅम्युएल फुलरचा दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धात तो पायदळात साधा शिपाई होता. १९५१ मध्ये त्याने कोरियातल्या युद्धावर 'द स्टील हेल्मेट' काढला. दहा दिवसांत, शहराच्या बागेत, विद्यापीठातली पोरे सैनिक म्हणून उभी करून आणि प्लायवूडचा रणगाडा लावून. त्यात एक सार्जंट रागाच्या भरात युद्धकैद्याला गोळी घालतो. अमेरिकी लष्कराला ते आवडले नाही, फुलरला जाब विचारला गेला. असे घडते हे मी पाहिले आहे, यावर तो ठाम राहिला आणि आपल्या जुन्या कमांडरची साक्ष काढली. चित्रपट प्रदर्शित झाला. अमेरिकेचे सैन्य त्याने खिळखिळे झाले नाही. आमच्याकडे हाच प्रसंग कोणी लिहिला तर आपले खाते त्याला काय उत्तर देईल? मला वाटते ते आपल्याला माहीत आहे.

परदेशाची उदाहरणे देऊन आपले सैन्य हिणवायचे नाही, म्हणून घरचेच सांगतो. चेतन आनंद यांचा 'हकीकत' १९६४ मध्ये आला. १९६२ चा पराभव ताजा होता, त्याचे घाव भरले नव्हते. चित्रपटाचे चित्रीकरण लडाखमध्ये झाले, लष्कराने साहाय्य केले आणि राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात माघार आहे. दमलेली, तुटलेली, तहानलेली माणसे एका चौकीकडून दुसरीकडे जात आहेत. शेकोटीभोवती बसून घरच्या आठवणीत हरवलेल्या जवानांचे एक गाणे त्यात आहे. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार गळे एका गाण्यात असूनही त्यात कोणी आरोळी ठोकत नाही. चित्रपट निर्दोष नाही. प्रेमकथा जागोजागी अडखळते आणि शत्रू फार सोपा करून टाकला आहे. पण हरलेल्या शिपायाकडे मान वर करून पाहण्याची हिंमत सरकारने आणि प्रेक्षकांनी त्या वर्षी दाखवली. पराभवानंतर दोन वर्षांत जे चालले, ते इतक्या विजयांनंतर का चालत नाही?

मधल्या काळात चांगले प्रयत्न झालेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाना पाटेकरांनी १९९१ मध्ये 'प्रहार' काढला, त्यासाठी ते स्वतः मराठा लाइट इन्फन्ट्रीत प्रशिक्षणाला गेले आणि पूर्वार्धातल्या कसरतीत खरा घाम दिसतो. २००३ चा 'एलओसी कारगिल' चार तासांहून मोठा होता. निदान अनेक पलटणींची नावे त्याने उच्चारली. पण हळूहळू पडद्यावरची सगळी जागा अधिकारी आणि कमांडो यांनी व्यापली. रायफल कंपनीतला शिपाई मागे धावायला उरला. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनात खुद्द पंतप्रधानांनी एका युद्धपटातली आरोळी दिली आणि सभागृहाने तिला उत्तर दिले. देशाच्या मनात चित्रपटाला एवढे स्थान आहे, हे आपणच दाखवून दिले. मग त्या चित्रपटांत शिपाई कसा दिसतो, याची काळजी आरोळीपुरतीच का?

आता ना-हरकतीचा मुद्दा. २०२२ च्या सुरुवातीला ओनीर या दिग्दर्शकाने जाहीर केले की त्याच्या पटकथेला आपल्या मंत्रालयाने परवानगी नाकारली. सैन्यातल्या एका समलिंगी मेजरची ती गोष्ट होती, आणि सैन्य सोडलेल्या एका खऱ्या अधिकाऱ्याच्या आयुष्यावरून ती सुचलेली होती. संसदेत खुलासा झाला की अशा चित्रणामुळे लष्कराची प्रतिमा खराब होते. म्हणजे पटकथा वाचली जाते, बारकाईने वाचली जाते. ज्या डोळ्यांना एक प्रेमप्रकरण दिसते, त्या डोळ्यांना जिवंत जवानाचे खोटे मरण का दिसत नाही? प्रतिमेला धक्का म्हणजे नेमके काय? शिपाई घाबरला, रडला, घरी जायचे म्हणाला तर धक्का. आणि न मेलेला पडद्यावर मेला तर नाही?

प्रतिमेचे कारण जुने आहे. १९३० मध्ये लुईस माइलस्टोनने रेमार्कच्या कादंबरीवर 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा चित्रपट केला. पायदळावरच्या सगळ्या चित्रपटांचा तो बाप. त्यात एका मरणाऱ्या पोराचे उत्तम कातडी बूट त्याचा मित्र घेतो, तो मेल्यावर तिसरा घेतो. कॅमेरा फक्त चालणारे बूट दाखवत राहतो आणि आपण मेलेले मोजत राहतो. त्या डिसेंबरात बर्लिनमध्ये चित्रपट लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या. नाझी तोवर सत्तेवर यायचे होते. बंदी घातली ती तिथल्या रीतसर मंडळाने, आठवडाभरात. कारण काय, तर जर्मनीच्या लौकिकाला बाधा येते. आपली त्यांच्याशी तुलना करायची नाही, तशी ती होऊही शकत नाही. पण बंदीच्या त्या कागदावरचे कारण आणि आपल्या २०२० च्या पत्रातले कारण शेजारी ठेवून पाहावे, एवढी विनंती.

लष्कराने मन मोठे केले की काय होते, तेही इतिहासात आहे. १९४५ च्या 'द स्टोरी ऑफ जी. आय. ज्यो'साठी अमेरिकी लष्कराने इटलीच्या आघाडीवरून परतलेले खरे जवान वेलमनला दिले. त्यांतले काही चित्रीकरणानंतर पॅसिफिकला पाठवले गेले आणि चित्रपट न पाहताच मारले गेले. ज्या वार्ताहराच्या बातमीपत्रांवर तो आधारला होता, तो अर्नी पाइल एप्रिल १९४५ मध्ये एका बेटावर गोळी लागून मेला. चित्रपटाच्या शेवटी कंपनी कमांडरचे प्रेत खेचरावरून डोंगर उतरते, आणि शिपाई एकेक करून त्याच्याजवळ येऊन उभे राहतात. बस्स. त्याच सुमारास जॉन ह्यूस्टनने लष्करासाठी सान पिएत्रो गावाच्या लढाईवर माहितीपट केला. मृत जवान दिसतात म्हणून वरिष्ठ अधिकारी बिथरले, तो दाबून टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. सरसेनापती जॉर्ज मार्शल यांनी तो पाहिला आणि नव्या भरतीच्या पोरांना दाखवावा, असे मत दिले. पुढ्यात काय आहे हे त्यांना कळेल, म्हणून. मार्शलांना सैन्याच्या प्रतिमेची काळजी आपल्याइतकीच असणार. मात्र हेच लष्कर पुढच्या वर्षी घाबरले. मनाने खचलेल्या जवानांवरचा ह्यूस्टनचा पुढचा माहितीपट त्यांनी ३० वर्षांहून अधिक काळ दडपून ठेवला. तेव्हा त्यांचेही सगळेच गोमटे नाही.

तो इटलीतला हिवाळा आमचाही होता. सान पिएत्रोच्या डोंगरात अमेरिकी शिपाई मरत होते, त्याच सुमारास आठवी भारतीय डिव्हिजन पलीकडच्या किनाऱ्याकडे सांग्रो नदी ओलांडून पुढे सरकत होती, आणि तिच्यात मराठे होते. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात नायक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतली बाकी सगळी माणसे पडली किंवा जखमी झाली, आणि ते एकटेच मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून पाठीवर नेले आणि मग शत्रूची ठाणी गप्प केली. जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप घेऊन धावणारा शिपाई. त्याहून साधा हुद्दा पलटणीत नाही. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही माणसे परक्या राजाच्या झेंड्याखाली लढली म्हणून पडद्यावर नकोत, असे असेल तर १९७१ च्या, पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला काय अडले? तिथे पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण वेढा घालून बसली होती. शरण येण्याच्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने उत्तर पाठवले ते गोळी कागदात गुंडाळून. कोणत्याही पटकथाकाराला हे सुचले नसते. पण यातले कुठलेही नाट्य खरे लिहायचे तर कोणी काय खाल्ले, कोण कुठे झोपले, प्रेते कोणी उचलली हे कळायला हवे. ते कागद कुठे आहेत?

हा माझा शेवटचा आणि सगळ्यांत मोठा प्रश्न आहे. १२ जून २०२१ ला आपल्या मंत्रालयाने युद्धांचा इतिहास लिहिण्याचे आणि नोंदी खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या व्हाव्यात, जुन्या नोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. वाचून फार बरे वाटले होते. दीड वर्षाने, डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनी जाहीरपणे सांगितले की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या नोंदी त्यांच्याकडे आलेल्याच नाहीत. आपल्याच सरकारचा अधिकारी, आपल्याच धोरणानंतर, हे सांगतो. यावर आपले काय म्हणणे आहे?

१९६२ वरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. २०१० मध्ये तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की तो खुला करता येणार नाही. मार्च २०१४ मध्ये विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी लिहिले की असे कागद अनंत काळ गुप्त ठेवू नयेत. त्याच वर्षी जुलैत संरक्षणमंत्री म्हणून त्यांनीच उत्तर दिले की तो उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. पक्ष बदलले, खुर्चीवरची माणसे बदलली, कुलूप तेच. कारगिलबद्दल मात्र आपल्या पूर्वसुरींना श्रेय द्यायला हवे: सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल वर्षाच्या आत, काही भाग वगळून का होईना, लोकांपुढे आला. म्हणजे करायचे ठरवले तर जमते.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतून आपल्या शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे इंग्रजांचा सेन्सॉर उघडून वाचत असे. त्यांतले उतारे तो भाषांतर करून वरिष्ठांना पाठवी. हेतू पाळत ठेवण्याचा होता. पण त्या अहवालांमुळे शेकडो साध्या शिपायांचे शब्द लंडनमध्ये आजही वाचायला मिळतात: थंडी, उवा, पगार, बैलाची खरेदी, परत येईन की नाही. परक्या सरकारच्या संशयाने जेवढे जपले, तेवढे स्वतःच्या सरकारच्या अभिमानाने जपले का?

मागणे फार नाही. ना-हरकत द्यायचीच असेल तर पटकथा त्या लढाईत असलेल्या, आज हयात असलेल्या जवानांपुढे ठेवा. अधिकाऱ्यांपुढे ठेवता तशीच हवालदारांपुढेही ठेवा. जिवंत माणसाला मेलेला दाखवायचा असेल तर त्याचे नाव वापरू देऊ नका. शिपायाची भीती, भूक आणि चूक यांना प्रतिमेच्या नावाखाली कात्री लावणे थांबवा. पेन्शनीत निघालेल्या जवानांच्या तोंडी हकिकती, त्यांच्या बोलीत, रेजिमेंटच्या केंद्रांत ध्वनिमुद्रित करून ठेवा. १९६५ आणि १९७१ लढलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि दर महिन्याला आमच्या पंचक्रोशीत कोणाच्या तरी तिरडीवर तिरंगा दिसतो. आणि २०२१ चे आपलेच धोरण पाळा. कारगिलच्या लढाईला जुलै २०२४ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली. तिच्या नोंदी अभिलेखागाराकडे कोणत्या तारखेला जाणार आहेत, ती तारीख कळवावी.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक